४७ डॉलरचा पट्टा

या मालेत आपण तराजू पाहिला, घड्याळ पाहिलं, मागच्या वेळी तापमापक पाहिला. आजच्या उपकरणाचं नाव ऐकून काही जणांना हसू येईल. ट्रेडमिल. आयोजकांना विषय कळवला तेव्हा त्यांचा लगेच फोन आला, ‘सर, या वेळी आरोग्यावर बोलणार का?’ नाही. आपण प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलबद्दल बोलणार आहोत. ती कोणी आणि कशी बांधली, तिच्यावर किती पैसे गेले, आणि तिने दाखवलेला आकडा खरा कशावरून मानायचा, याबद्दल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं, हे ओघात येईलच.

सुरुवात एका कोळंबीपासून करू. तुमच्यापैकी काहींनी तो व्हिडिओ पाहिला असेल. पारदर्शक पेटी, आत पाणी, पाण्याखाली एक छोटा फिरता पट्टा आणि त्यावर लगबगीने चालणारी कोळंबी. कोणीतरी त्याला विनोदी संगीत जोडलं आणि तो जगभर फिरला. आम्हीही हसलो, खोटं कशाला सांगा. हे काम ऑरेगन राज्यातल्या पॅसिफिक युनिव्हर्सिटीचे डेव्हिड शोलनिक आणि साउथ कॅरोलायनातल्या कॉलेज ऑफ चार्ल्सटनचे लुई बर्नेट या दोन जीवशास्त्रज्ञांचं. २०११ मध्ये अमेरिकेचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी सरकारी विज्ञान-अनुदानातल्या उधळपट्टीवर एक अहवाल काढला, त्यात ही कोळंबी आली आणि तिच्यासोबत ५ लाख डॉलरच्या अनुदानाचा आकडा आला. मग निवृत्तांच्या एका मोठ्या संघटनेने टीव्हीवरच्या जाहिरातीत तिला घेतलं: आमच्या सवलती कापण्याआधी कोळंब्यांच्या ट्रेडमिल बंद करा, असा एकूण सूर. आम्ही स्वतः पेन्शनर असल्यामुळे तो सूर आम्हाला अगदी आतून कळतो. पुढे हा आकडा एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जाता जाता ३० लाख डॉलरपर्यंत चढला.

२०१४ मध्ये शोलनिक यांनी एक लेख लिहून हिशेब दिला. पट्टा ट्रकच्या जुन्या ट्यूबचा. बेअरिंग स्केटबोर्डची. मोटर एका वापरलेल्या पंपाची. एकूण खर्च ४७ डॉलर, आणि तोही पदरमोड करून.

३० लाख आणि ४७. दोन्ही आकडे एकाच वस्तूबद्दलचे म्हणून लोकांनी ऐकले. ते कसं झालं, याकडे आपण परत येऊ. त्याआधी हा पट्टा मुळात प्रयोगशाळेत आला कसा, ते पाहायला हवं, कारण त्याचा जन्म काही प्रयोगशाळेतला नाही.

त्याचा जन्म तुरुंगातला. इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांना कामाला लावण्यासाठी एक लांबच लांब चाक सुचवलं. चाकाच्या बाहेरच्या अंगाला पायऱ्या. कैदी एका ओळीत उभे राहून वरच्या पायरीवर पाय टाकणार, त्यांच्या वजनाने चाक खाली जाणार, की पुन्हा वरची पायरी. दिवसभर चढायचं आणि पोचायचं कुठेच नाही. आपल्याकडे ‘जेलमध्ये चक्की पिसणं’ म्हणतात, त्यात निदान पीठ तरी निघतं. तिकडे काही ठिकाणी या चाकाने धान्य दळलं जाई, पाणी उपसलं जाई. पण कित्येक तुरुंगांत ते नुसतंच फिरे. ही शिक्षा कायद्याने बंद व्हायला १८९८ साल उजाडावं लागलं.

या चाकावर १८५० च्या दशकात लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात एक डॉक्टर स्वतःहून चढला. एडवर्ड स्मिथ त्याचं नाव. तोंडाला मुखवटा, मुखवट्याला हवा मोजणारं मीटर, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला पोटॅश. त्या काळी लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं मत असं होतं की स्नायू काम करतात तेव्हा त्यांतलं प्रथिन खर्ची पडतं. तसं असेल तर श्रमाबरोबर लघवीतलं युरिया त्या प्रमाणात वाढायला हवं. स्मिथने मोजलं. कार्बन डायऑक्साइड भराभर वाढत होता, युरिया मात्र श्रमाच्या प्रमाणात वाढत नव्हतं. लीबिगच्या मताला बसलेला हा मोठा धक्का. स्मिथने यातली श्वसनाची मापनं १८५९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली.

आम्हाला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. स्मिथला या चाकावर एक पैसाही खर्च करावा लागला नाही. सरकारने लोकांना छळण्यासाठी बांधलेलं यंत्र त्याने जसंच्या तसं वापरलं. आणि ते वापरण्याजोगं का होतं? तर प्रत्येक पायरीची उंची ठाऊक होती, मिनिटाला किती पायऱ्या ते मोजता येत होतं, आणि माणसाचं वजन करता येत होतं. या तिन्हींचा गुणाकार केला की माणसाने किती काम केलं ते कळतं. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाबद्दल हे सांगता येत नाही. तो कधी हळू होतो, कधी ओळखीचं कोणी भेटलं म्हणून थांबतो.

पुढची पायरी बर्लिनमधली. तिथल्या कृषी महाविद्यालयात नाथान त्सुन्ट्स नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. शेतीच्या महाविद्यालयाला घोड्यात रस असणारच: घोडा किती खातो, किती ओढतो, चालताना त्याचा किती ऑक्सिजन खर्च होतो. आता घोड्याला मुखवटा लावून त्याच्यामागे नळ्या घेऊन शेतातून कोण धावणार? १८८९ मध्ये त्सुन्ट्स आणि त्यांचे सहकारी लेहमान यांनी घोड्यासाठी फिरता पट्टा बांधला. घोडा जागेवर, उपकरणं जागेवर, जमीन तेवढी मागे पळते. पुढे १९१४ मध्ये त्याच त्सुन्ट्स यांनी पट्ट्यावर चालणाऱ्या माणसाचं हृदय क्ष-किरणांनी पाहण्याची सोय केली.

इथे एक उलटापालट झाली, ती लक्षात घ्या. क्युबिटच्या चाकात माणूस यंत्राला फिरवत होता. शेतावर मळणीसाठीसुद्धा अशी यंत्रं होती, ज्यांत जनावर चाले आणि पट्टा फिरे. त्सुन्ट्सच्या पट्ट्यात यंत्र फिरतं आणि जनावराने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. वेग आता प्रयोग करणाऱ्याच्या हाती आला.

पण मग एक शंका उभी राहते, आणि इथे आमच्यासारख्याचं काम सुरू होतं. पट्ट्यावरचा घोडा खरोखर चालतो का? तो तर पुढे जातच नाही. त्याच्यावरून शेतातल्या घोड्याबद्दल काही बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उत्तर गॅलिलिओने १६३२ मध्येच देऊन ठेवलं आहे. जहाजाच्या तळघरात बंद खोली घ्या. जहाज शांत समुद्रात एकसारख्या वेगाने जात असेल तर खोलीत काहीही करून पाहा, उडी मारा, चेंडू फेका, जहाज चाललंय की थांबलंय हे कळणार नाही. पट्टा म्हणजे तेच जहाज. डच शास्त्रज्ञ फान इंगेन स्खेनाउ यांनी १९८० मध्ये हे नीट मांडून दाखवलं: पट्ट्यासोबत सरकणाऱ्या डोळ्याने पाहिलं तर ट्रेडमिलवरचं धावणं आणि जमिनीवरचं धावणं यांत यांत्रिकदृष्ट्या फरक नाही. अंगावर येणारा वारा सोडला तर. म्हणूनच मैदानावरच्या धावण्याशी बरोबरी साधायला ट्रेडमिलला १ टक्का चढ देण्याची पद्धत आहे.

मात्र या सगळ्यात एक अट आहे. जहाज एकसारख्या वेगाने चाललं पाहिजे. पट्ट्याचा वेग स्थिर राहिला पाहिजे. आणि नेमका तोच राहत नाही! धावणाऱ्याची टाच पट्ट्यावर आदळते तेव्हा पट्टा क्षणभर अडतो, पाय मागे रेटतो तेव्हा क्षणभर पुढे ढकलला जातो. रोलरवर पट्टा थोडा घसरतो. जड माणूस असेल तर जास्त. चांगल्या ट्रेडमिलची किंमत कशात असते, तर यात: दणकट मोटर, वजनदार रोलर किंवा गतिचक्र, न घसरणारा पट्टा. समोरच्या चकचकीत पाटीत नव्हे. पाटी पुष्कळदा मोटरचा वेग मोजून सांगते. पट्टा घसरला याची तिला खबरच नसते.

मग खरा वेग शोधायचा कसा? याला खडू आणि स्टॉपवॉच पुरतं, ही त्यातली गंमत. पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजा. काठाला खडूने एक खूण करा. ज्याची चाचणी घ्यायची त्या वजनाचा माणूस पट्ट्यावर चालू द्या, रिकामा पट्टा मोजून उपयोग नाही. आता खूण ५० वेळा फिरून यायला किती वेळ लागतो ते पाहा. समजा पट्टा ३ मीटरचा आहे. ५० फेऱ्या म्हणजे १५० मीटर. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ६ किलोमीटर. ९२ लागले तर ५.८७. म्हणजे २ टक्क्यांहून जास्त चूक, आणि पाटी बापडी ६.०० च म्हणत राहते. चढाचंही तसंच. १० टक्के चढ म्हणजे १०० मीटर आडवं गेलं की १० मीटर वर. कोणी १० टक्के म्हणजे १० अंश समजला तर त्याने साडेसतरा टक्क्यांचा चढ लावला. गवंड्याची पाणसळ आणि मोजपट्टी घेऊन हे कोणालाही तपासता येतं.

काटेकोर आणि अचूक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते बरोबर नाही. दशांशचिन्हानंतर दोन आकडे दाखवणारी पाटी काटेकोर असते. ती अचूक आहे की नाही, हे पाटीला विचारून कळत नाही.

विसाव्या शतकातला मोठा भाग आपण भरभर पार करू. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या तळघरात १९२७ ते १९४७ थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती, तिथे ट्रेडमिलवर मॅरेथॉन धावणारेही आले. हार्वर्डच्याच रिचर्ड टेलर यांनी पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये क्षेपणास्त्र तळाच्या जुन्या जागेवरच्या केंद्रात नाना प्राणी पट्ट्यावर चालवले. १९७३ मध्ये डॉसन आणि टेलर यांना कांगारूबद्दल असं आढळलं की तो उड्या मारू लागला की वेग वाढला तरी ऑक्सिजनचा खर्च जवळजवळ वाढतच नाही. कंडरा स्प्रिंगसारखं काम करतात. मोकळ्या मैदानात हे कोणाच्या लक्षात येणार होतं?

सिॲटलचे डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांच्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. त्यांच्या आधी हृदयाच्या परीक्षेसाठी मास्टर यांच्या दोन पायऱ्या वापरत, प्रत्येक ९ इंचांची. याहून स्वस्त उपकरण मिळायचं नाही. पण तो श्रम सगळ्यांना सारखा पुरत नाही: अशक्ताला जास्त, धडधाकटाला कमी, आणि मध्येच वाढवता येत नाही. ब्रूस यांना हळूहळू वाढवता येणारा श्रम हवा होता. तेव्हाच्या ट्रेडमिल अवजड असत. त्यांच्या विद्यापीठात वेन क्विंटन नावाचे उपकरणं बनवणारे कसबी गृहस्थ होते. त्यांनी दवाखान्यात ठेवता येईल अशी आटोपशीर ट्रेडमिल बांधली. याच क्विंटन यांनी १९६० मध्ये डॉ. स्क्रिबनर यांच्यासाठी डायलिसिसची टेफ्लॉनची नळी केली, जिच्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांवर वारंवार डायलिसिस करणं शक्य झालं. इतिहासात ब्रूस यांच्या नावाची पद्धत आहे, क्विंटन यांच्या नावाची पद्धत नाही. कारागिराचं बहुधा असंच होतं.

तुमच्यापैकी ज्यांची टीएमटी झाली आहे ते या ब्रूस पद्धतीनेच चालले असणार. पहिली ३ मिनिटं ताशी २.७ किलोमीटर, चढ १० टक्के. मग दर ३ मिनिटांनी वेगही वाढतो, चढही. आमची झाली तेव्हा आम्ही समोरची दांडी घट्ट धरून बसलो होतो, म्हणजे चालत होतो. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, ‘आजोबा, दांडी सोडा, नाहीतर मशीन तुम्हाला आहे त्यापेक्षा तरुण समजेल.’ अगदी खरं. हातावर भार टाकला की पायांचं काम कमी होतं आणि माणूस ज्या पायरीपर्यंत पोचतो ती त्याची खरी पायरी नसते. लाखो रुपयांचं यंत्र, आणि आम्ही दोन बोटांनी त्याचा हिशेब चुकवत होतो.

पण ब्रूस यांचा मूळ मुद्दा वेगळाच. स्वस्थ बसलेल्या माणसाचा आलेख कित्येकदा निर्दोष येतो. रक्तवाहिनी अरुंद झाली असली तरी बसल्याजागी लागणारं रक्त तिच्यातून जातं. श्रम पडले की उणीव उघडी पडते.

आता कोळंबीकडे परत येऊ. तिचंही तेच. समुद्राच्या खाडीत ऑक्सिजन कमी झाला, पाण्यात रोगजंतू आले, तर कोळंबीचं काय होतं, हा शोलनिक-बर्नेट यांचा प्रश्न. जंतू शिरले की तिच्या रक्तातल्या पेशी त्यांना घेरून गुठळ्या करतात. या गुठळ्या कल्ल्यांच्या बारीक वाटांत अडकतात. कल्ले हीच तिची फुप्फुसं. म्हणजे रोगाशी लढतानाच तिचा श्वास कोंडतो. पेटीत निवांत बसलेली कोळंबी यातलं किती सांगणार? शिकाऱ्यापासून पळायची वेळ आली तर ती पळू शकेल का, हे पाहायचं तर तिला चालवलंच पाहिजे. अभ्यासातली ही जात म्हणजे व्हनामी. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली, आणि आज आपल्या निर्यातीतली बहुतांश कोळंबी याच जातीची. आंध्रच्या किनाऱ्यावर तळं राखणाऱ्याला या प्रश्नाचं हसू येणार नाही.

कोळंबीची ट्रेडमिल बाजारात मिळत नाही. ती बांधावीच लागते, आणि खाऱ्या पाण्यात. लोखंड गंजतं, कापड फुगतं, साधी मोटर पाण्यात बुडवता येत नाही. ट्रकची ट्यूब रबराची, पाण्याला न डरणारी. स्केटबोर्डचं बेअरिंग हलकं फिरतं. पंपाची मोटर पाण्याच्या शेजारी राहायला सरावलेली. यातला प्रत्येक भाग स्वस्त आहे म्हणून निवडला असं वरकरणी दिसतं, पण तो या कामाला योग्यही आहे. शिवाय कोळंबीच्या टाचेने पट्टा अडत नाही, त्यामुळे घोड्याला लागते तसली मोटर इथे नकोच.

अशी आणखी उदाहरणं आहेत. २००७ मध्ये प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांना चालत्या उंदराचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा होता. त्यांनी थर्मोकोलचा मोठा चेंडू हवेच्या झोतावर तरंगवला, उंदराचं डोकं स्थिर ठेवलं आणि पायांखाली चेंडू मोकळा फिरू दिला. चेंडू किती फिरला हे मोजायला काय वापरलं? संगणकाचा माऊस. उंदराची चाल मोजायला माऊस! पण त्याचा आकडा भिंग चेंडूपासून किती दूर आहे त्यावर बदलतो, म्हणून आधी चेंडू ठरावीक अंतर फिरवून आकडा जुळवून घ्यावा लागतो. खडूची खूणच ती, वेगळ्या रूपात.

आता त्या ३० लाखांचं. सिनेटरांनी विचारलेला प्रश्न गैर नव्हता. जनतेचा पैसा कुठे जातो हे विचारायलाच हवं. पण अनुदान हे एका वस्तूचं बिल नसतं. त्यात विद्यार्थ्यांचं वेतन, रसायनं, मापकं, प्रवास, वर्षानुवर्षांचं काम असतं, आणि पट्टा त्या कामाचा एक कोपरा. सगळ्या घराच्या खर्चाचा आकडा घ्यायचा आणि तो उंबरठ्यावर चिकटवायचा, असं झालं. स्वतः सिनेटर डॉक्टर होते. श्रमाखाली तपासणी का करतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. उपकरणाच्या आकड्याला आपण विचारतो, हे कशाचं माप, कुठून कुठपर्यंत, कोणी तपासलं? तेच प्रश्न ३० लाखांच्या आकड्याला विचारणारा त्या गदारोळात क्वचितच कोणी होता. आणि मोजणाऱ्याला तीन वर्षांनी स्वतःच्या खिशातल्या ४७ डॉलरचा जाहीर हिशेब द्यावा लागला.

हे तिकडचं झालं. आपल्याकडे उलटं घडतं, आणि त्यात आम्ही सामील आहोत, म्हणून सांगितलं पाहिजे. आम्ही एका महाविद्यालयाच्या खरेदी समितीचे अध्यक्ष होतो. शारीरिक शिक्षण विभागातल्या एका सहकाऱ्याने औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून ट्रेडमिल बांधून घेतली. साखर कारखान्याने काढून टाकलेला कन्व्हेअरचा पट्टा, जुनी मोटर, लेथवर कातलेले दोन जड रोलर. खर्च साडेसहा हजार. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांची दमछाक मोजायची होती त्यांना. लेखापरीक्षणात आक्षेप आला: तीन कोटेशन नाहीत, भंगाराची पावती नाही, आयएसआय नाही. समितीपुढे प्रकरण आलं. सहकारी खडूची खूण आणि फेऱ्यांची वही घेऊन आले होते. आम्ही ती वही उघडलीसुद्धा नाही. नियम बघितला, कॅटलॉग बघितला, आणि दहापट किमतीच्या यंत्रावर सही केली.

यंत्र आलं. पाटीवर दोन दशांशांपर्यंत वेग. सहकाऱ्यांनी कोणाला काही न बोलता त्याच्याही पट्ट्यावर खूण केली. ७० किलोचा मुलगा पळवला, पाटी म्हणाली ८.००. फेऱ्यांचा हिशेब निघाला ७.६. त्यांनी निरनिराळ्या वजनांसाठी दुरुस्तीचं कोष्टक हाताने लिहिलं आणि पाटीशेजारी चिकटपट्टीने लावलं. घरची ट्रेडमिल सायकल स्टँडच्या शेडमध्ये गेली. तिथे मुलं संध्याकाळी तिच्यावर पळत आणि त्यांची मोजणी सर वहीत लिहीत राहिले, कारण तिच्यावर त्यांचा विश्वास होता. आम्ही निवृत्त झालो त्या वर्षी त्यांनी ती वही आम्हाला वाचायला दिली. बारा वर्षांच्या नोंदी होत्या, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पट्ट्याची लांबी पुन्हा मोजलेली, कारण पट्टा वापराने ताणतो. ही गोष्ट आम्हाला तोवर सुचलीही नव्हती.

प्रश्न असतील तर विचारा.